जेवणाआधीचा कडू घोट

मंठ्यात बसून व्हेनिसच्या पेयाचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा घरच्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ‘तुमचं त्या दारूशी घेणं ना देणं,’ असे ऐकून घ्यावे लागले. घेणे-देणे आहे आणि ते मोसंबीपाशी आहे. पण तिथवर पोचायला थोडा वळसा पडेल.

पुण्या-मुंबईच्या बैठकांत अलीकडे नारिंगी रंगाचे, बर्फाने भरलेले मोठे पेले दिसतात. त्या पेयाला ‘स्प्रित्झ’ म्हणतात. शब्द इटालियन नाही. शिंतोडा मारणे या अर्थाच्या ‘श्प्रित्सेन’ या जर्मन क्रियापदावरून तो आला. १८६६ पर्यंत व्हेनेतो प्रांत ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याच्या ताब्यात होता. तिथली वाइन ऑस्ट्रियन शिपायांना आणि व्यापाऱ्यांना जड जाई, म्हणून ते तीत पाण्याचा शिंतोडा मागत, अशी हकीकत सांगतात. पुढे पाण्याच्या जागी सोडा आला आणि त्याहून पुढे कडू अर्क. १९१९ साली पडुआ शहरात लुइजी आणि सिल्व्हिओ या बार्बिएरी बंधूंनी ‘आपेरोल’ नावाचा अर्क बाजारात आणला. त्यात मद्यार्क अवघा अकरा टक्के. आज रूढ असलेले प्रमाण तीन-दोन-एक असे आहे: तीन भाग प्रोसेको ही फसफसणारी वाइन, दोन भाग आपेरोल, एक भाग सोडा. वर बर्फ आणि संत्र्याची चकती. कृती एवढीच.

माझे कुतूहल त्या ‘कडू’ भागाशी अडकले. हे पेय जेवणाआधी घ्यायचे असते. त्याच्या जातीचे नाव ‘अपेरिटिफ’. मुळाशी लॅटिन ‘अपेरीरे’, म्हणजे उघडणे. भूक उघडणारे ते अपेरिटिफ. आपल्या वैद्यकात याला नेमका शब्द आहे, ‘दीपन’. तिक्त रस स्वतः रुचकर नसतो, पण तोंडाची अरुची घालवतो, अशा आशयाचे निरीक्षण चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहे. आपेरोलच्या घटकांत कडू-गोड संत्र्यांच्या जोडीला जेन्शियन या डोंगरी वनस्पतीचे मूळ आणि सिंकोनाची साल सांगतात. नेमके प्रमाण कंपनी उघड करत नाही. जेन्शियनच्याच कुळातली वनस्पती आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळते, ती म्हणजे काडेचिराईत. तापात जिचा काढा नाक दाबून प्यायलो, तीच. म्हणजे ज्ञान दोन्हीकडे होते. फरक इतकाच, की त्यांनी औषधात साखर, संत्र्याची साल आणि बुडबुडे घालून त्याची मौज केली, आणि आपण काढा काढाच ठेवला. यात आपला शहाणपणा किती आणि आळस किती, हे ठरवणे अवघड आहे; माझा कल आळसाकडे झुकतो.

दारू, फळ आणि साखर यांचे मिश्रण म्हणजे पाश्चात्त्यांचे खास काम, असा एक समज आहे. तो तपासताना मी यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ सालच्या कोशात शिरलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही. तिथे ‘पंच’ या पेयाची नोंद आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांच्या पत्रव्यवहारात १६३२ सालीच हा शब्द येतो. सुरतेला १६३८ मध्ये आलेला मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी इंग्रजांच्या वखारीतल्या अशाच पेयाचे वर्णन करतो: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर सांगतो की, हे नाव ‘पाच’ या देशी आकड्यावरून पडले, कारण घटक पाच. आपल्याला हे ऐकून बरे वाटते. पण मांडेल्स्लोची यादी मोजून पाहा, चारच भरतात. शब्द पिंपवाचक ‘पंचन’वरून आला, असा दुसराही तर्क आहे. तेव्हा ‘कॉकटेल मुळात आपलेच’ अशी आरोळी मी ठोकणार नाही. एवढे मात्र पक्के, की लिंबू, साखर आणि इथली ताडामाडाची दारू यांची मिसळण पश्चिम किनाऱ्यावरच्या वखारींत सतराव्या शतकात नित्याची होती.

हाच फ्रायर १६७५ मध्ये जुन्नरला जाऊन आला. त्याच जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ शाम चौगुले यांनी १९८०च्या दशकात शँपेनच्या पद्धतीने फसफसणारी वाइन काढली आणि ती परदेशी पाठवली. आता नाशिककडेही ती होते. प्रोसेकोची जागा घेणारी बाटली त्यामुळे महाराष्ट्रातच मिळते. मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार ती घरात ठेवायला आणि प्यायला परवाना लागतो, हे बैठकीत बसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आठवते.

आता सोडा. जोसेफ प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकाने १७६७ मध्ये लीड्सच्या बिअरभट्टीत, आंबणाऱ्या पिंपावर साचणारा वायू पाण्यात मुरवला. पुढे याकोब श्वेपने जिनिव्हात त्याचा धंदा केला. १८७२ मध्ये हायरम कॉडने गोळीच्या बाटलीचे पेटंट घेतले. तीच आपली गोटीसोडा. पण ‘सोडा’ हे नाव का? सुरुवातीच्या कृतींत खार आणि आम्ल मिसळून वायू काढत, म्हणून. आणि खार म्हटला की आमच्या भागातल्या माणसाला लोणार आठवते. मंठ्याहून लोणारला जाणारा रस्ता आम्हाला पायाखालचा. तिथल्या सरोवराचे पाणी सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेटने भरलेले आहे. या परिसरात काच आणि साबण करायला लागणारे सारे सापडते, अशी नोंद अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त करून ठेवली आहे. पूर्वी उन्हाळ्यात पाणी आटले की काठावरचा खार गोळा करून विकत. पापडखाराच्या चिमटीवर लिंबू पिळले की जे फसफसते, ते श्वेपच्या कारखान्याचेच छोटे रूप. आता सरोवर अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही आहे. खार तिथेच राहावा हे उत्तम.

आणि आता मोसंबी. हे फळ पोर्तुगीजांबरोबर मोझांबिकहून आले आणि नावही तिथूनच घेऊन आले, असे मानतात. कोकणातून घाट चढून ते आमच्या काळ्या रानात असे रुजले की २०१६ मध्ये जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले. बदनापूरला मोसंबीसाठी स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. आंबिया बहार आणि मृग बहार हे शब्द इथे पोरांनाही कळतात. २०१२-१३ च्या दुष्काळात लोकांनी टँकरने पाणी घालून बागा जगवल्या. ज्यांना ते जमले नाही त्यांनी वाळलेली झाडे तोडून सरपण केले. पाऊस बरा झाला तर फळगळ होते. बांधाला हिरव्या फळांचा सडा पडतो. माल एकदम आला की भाव पडतो. दरवेळी एकच प्रश्न निघतो: रसाचा कारखाना का नाही?

त्याचे एक उत्तर रसातच आहे. मोसंबीचा रस काढून ठेवला की कडू होतो. फळाच्या पापुद्र्यांत एक बेचव द्रव्य असते. फळ पिळले की रसातल्या आम्लामुळे हळूहळू त्याचे लिमोनिन बनते, आणि लिमोनिन अगदी थोडे असले तरी जिभेला कळते. म्हणून तर रसवाला गिऱ्हाइकासमोर फळ पिळतो. बाटलीत भरणाऱ्यांना हा कडवटपणा काढून टाकायला वेगळी प्रक्रिया करावी लागते, म्हणजे वेगळा खर्च.

मी इथे येऊन थबकलो. आमच्या फळाचा जो दोष म्हणून नोंदला जातो, तो घालवायला आम्ही पैसे मोजू म्हणतो. आणि इटलीत कडू चव विकत घ्यायला लोक पैसे मोजतात. इटलीच्या दक्षिण टोकाला कालाब्रियात बर्गमोट नावाचे लिंबूवर्गीय फळ मुख्यतः सालीतल्या तेलासाठी लावतात; ते कुणी सोलून खात नाही. आमच्याकडे साल उकिरड्यावर जाते. एका पेयाने बागाईतदाराचे कर्ज फिटेल, इतका भाबडा मी नाही. पण ‘रस गोड हवा’ या एकाच मागणीवर सगळे फळ तोलले गेले, आणि त्याच्या सालीला, गळलेल्या फळाला, कडवटपणाला गिऱ्हाईक असू शकते हे कुणी फारसे तपासले नाही, ही माझी तक्रार आहे.

घरी मी जे करतो त्यात मद्य नाही, त्यामुळे परवान्याचा प्रश्न येत नाही. दोन मोसंब्या धुऊन त्यांची वरची हिरवी साल पातळ काढावी. पांढरा भाग थोडा आला तरी चालेल. एक वाटी साखरेचा साधा पाक गरम असतानाच त्यात साल टाकावी आणि रात्रभर झाकून ठेवावी. काडेचिराईताच्या दोन-तीन काड्या अर्धी वाटी उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून गाळाव्यात. हे पाणी पाकात चमच्याचमच्याने, चाखत घालावे. एकदम ओतले की सरळ तापाची आठवण येते. पेला बर्फाने भरावा, कारण थंडीत वायू पाण्यात टिकतो. दोन भाग पाक, लिंबाची एक फोड पिळून, आणि चार भाग सोडा. सोडा शेवटी, पेल्याच्या कडेने, ढवळाढवळ न करता. रंग नारिंगी येत नाही, फिकट हिरवट-पिवळा येतो. आपेरोलचा झगझगीत रंग खाद्यरंगाचा असतो, तेव्हा आपण लाजू नये.

सोललेल्या मोसंब्यांचा रस लगेच पिऊन टाकावा. विसरलात आणि तो कडू झाला, तर दुसऱ्या दिवशीच्या पेल्यात चिराईताचे पाणी एक चमचा कमी घाला.