कुंपण आणि शेत: हृदयदाहाच्या शोधाचा इतिहास

जखमेंत पू कोठून येतो, हा प्रश्न दिसावयास क्षुद्र. पण त्याच्या उत्तरासाठीं वैद्यकशास्त्रास एका थोर आचार्याचें मत मोडावें लागलें. पू त्या त्या जागच्या पेशींपासूनच उत्पन्न होतो, असें बर्लिनचे विख्यात पंडित फिर्शो मानीत. १८६७ सालीं त्यांचेच शिष्य कोनहाइम यांनीं बेडकाच्या आतड्यांस धरून ठेवणारा पातळ पडदा सूक्ष्मदर्शकाखालीं पसरला, तेव्हां निराळाच देखावा दिसला. रक्तांतील श्वेतपेशी प्रवाहांतून बाजूस सरत, रक्तवाहिनीच्या भिंतीस चिकटत, आणि तिच्यांतून हळूच बाहेर पडत. वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४६ सालींच हें पाहिलें होतें. परंतु त्याच्या म्हणण्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं.

पण वाहत्या रक्तांत पेशीनें चिकटावें तरी कशाच्या आधारें? याचें उत्तर मिळावयास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. १९८६ सालीं अमेरिकेंत स्प्रिंगर व त्यांचे सहकारी यांनीं 'आयकॅम-१' नांवाचा रेणु दाखवून दिला. दाह सुरू झाला कीं रक्तवाहिनीच्या अस्तरावर तो वाढतो, आणि श्वेतपेशीवरील जोडीदार रेणु त्यांत कोयंड्यांत कडी बसावी तसा अडकतो.

दरम्यान १९४८ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील कॉक्सॅकी गांवच्या आजारी मुलांमध्यें एक नवा विषाणु सांपडला होता. त्याच कुळांतील 'ब' गटाचे विषाणु हृदयाच्या स्नायूंस दाह आणतात, असें पुढें ठरलें. १९९३ सालीं सेको प्रभृति जपानी संशोधकांनीं असा विषाणु उंदरांस टोंचला. तेव्हां त्यांच्या हृदयाच्या स्नायुपेशींवर आयकॅम-१ दिसूं लागला, आणि त्यास झांकणारीं प्रतिपिंडें दिल्यावर दाह कमी झाला. म्हणजे विषाणूच्या पारिपत्यास धांवलेल्या श्वेतपेशीच हृदयाच्या नाशास हातभार लावीत होत्या. नष्ट झालेला हृदयस्नायु बहुतेक पुन्हां उगवत नाहीं, हें लक्षांत घेतां या नुकसानीचें गांभीर्य वाचकांस कळेल.

मग श्वेतपेशींस चिकटूंच देऊं नये, असा मोह होणें साहजिक आहे. परंतु कांहीं थोड्या बालकांत चिकटण्याचा हा गुण जन्मतःच नसतो. त्यांच्या जखमेंत पू होत नाहीं, आणि किरकोळ जंतूंनींहि त्यांचा जीव धोक्यांत येतो. शिवाय हृदयदाहाच्या १११ रोग्यांवरील एका चाचणीचा निष्कर्ष १९९५ सालीं प्रसिद्ध झाला. प्रतिकारशक्ति दडपणाऱ्या औषधांनीं हृदयाचें बळ वा रोग्यांचें आयुष्य वाढल्याचें तींत आढळलें नाहीं.

पुवाच्या एका थेंबापासून निघालेला हा इतिहास आम्हांस संयम शिकवितो. ताप आला कीं तो तत्काळ उतरवावा, सूज दिसली कीं ती दाबावी, अशी आपल्या घरोघरीं घाई असते. कुंपणानें शेत खाल्लें हें खरें. पण रागानें कुंपणच जाळणारा शेतकरी दुसऱ्या दिवशीं गुरांस कोठें अडविणार?