शेवटच्या कडव्यातलं नाव

परवा आमच्या गल्लीतल्या तीन पोरांनी स्वतःचं गाणं रेकॉर्ड केलं. भिंतींना गाद्या लावून, मोबाईलवर. दर महिन्याला एक नवं गाणं करायचंच, असा त्यांचा नेम आहे. गाणं आवडलं. विचारलं, लिहिलं कोणी? लिहिणाऱ्याचं नाव ना गाण्यात, ना यूट्यूबवर. "राहू द्या ना भाऊ, काय फरक पडतो?" त्यातला एक म्हणाला.

फरक पडतो. म्हणून ही पोस्ट जरा लांब झालीय.

वामनदादा कर्डक आपल्याच नाशिक जिल्ह्यातले. सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. जन्म १५ ऑगस्ट १९२२. शाळा नशिबात नव्हती. मुंबईला जाऊन मिळेल ती मजुरी केली. चाळीत कुणीतरी पत्र वाचायला दिलं, ते वाचता आलं नाही, ही गोष्ट मनाला लागली. मग वाढत्या वयात अक्षरं गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचून सराव केला. १९४३ मध्ये हिंदी सिनेगीताच्या चालीवर पहिलं गाणं रचलं. तिथून २००४ साली जाईपर्यंत साठ वर्षं हा माणूस लिहीत आणि गात राहिला. गावोगावी फिरून, हजारो गाणी.

पहिला संग्रह 'वाटचाल' आला १९७३ मध्ये. म्हणजे पहिल्या गाण्यानंतर तीस वर्षांनी. तोवर गाणी कुठे होती? लोकांच्या तोंडात आणि गायन पार्ट्यांच्या वह्यांत. तरी ती दादांचीच राहिली, कारण शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफलेलं असायचं. ही रीत जुनीच. चोखोबा, जनाबाई, तुकोबा, सगळ्यांनी हेच केलं. कवीचा सातबारा म्हणजे ते नाव.

रेकॉर्डिंग आलं तेव्हाही नावाचा प्रश्न होताच. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या. तिथल्या लोकांना गाणारं कोण ते कळावं म्हणून गाणं संपताना त्या स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारायच्या. गाणाऱ्याची सोय झाली. लिहिणाऱ्याची?

ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या, जयंतीची गाणी घराघरात आली. आमच्या घरच्या कॅसेटींवर गायकाचा फोटो मोठा, गीतकाराचं नाव असलंच तर मागे बारीक. डुप्लिकेट कॅसेटवर तेही नाही. पण शेवटच्या कडव्यात 'वामन' आला की आई म्हणायची, "हे दादांचं."

आता माझी चूक सांगतो. पत्रकारितेत नवा होतो. जयंतीच्या कार्यक्रमाची बातमी केली. पाहुण्यांची आठ नावं दिली, गायकाचं दिलं. ज्यांची गाणी गायली गेली ते आमच्या गावचे म्हातारे शाहीर स्टेजच्या कडेला बसले होते. त्यांचं नाव राहिलं. ते भांडले नाहीत, काही बोललेही नाहीत. दोन वर्षांनी वारले. घराच्या दुरुस्तीत वह्या रद्दीत गेल्या, असं नंतर मुलाने सांगितलं. त्यांची दोन गाणी आजही जयंतीला वाजतात. निवेदक सांगतो, "पारंपरिक."

ते ऐकलं की मान खाली जाते.

२०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा राखला गेला. पण नावच नसेल तर वाटा मागणार कोण?

म्हणून पोरांना एवढंच सांगितलं. गाणं टाकाल तेव्हा खाली लिहा: शब्द कोणाचे, चाल कोणाची, तारीख काय. वहीच्या पानाचा फोटो काढून ठेवा. जमलं तर शेवटच्या कडव्यात नावही घाला. त्यात मिरवणं काही नाही.

आणि तुम्हाला एक विनंती. तुमच्या घरात, गावात एखाद्या शाहिराची, भजनी बुवाची, ओव्या रचणाऱ्या आजीची वही असेल तर रद्दीत देऊ नका. मला फोन करा. मी मोबाईल घेऊन येतो, एकेका पानाचा फोटो काढू. गाणारं कुणी असेल तर आवाजही घेऊ.