चामड्याएवढी जमीन आणि जुन्या संगणकांचे अबोल नियम

१/ जव्हार संस्थानाच्या स्थापनेची आख्यायिका अनेकांनी ऐकली असेल. जयबा मुकणे यांनी वारली प्रमुखाकडे बैलाच्या चामड्याने व्यापेल एवढीच जमीन मागितली. होकार मिळताच चामड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनी सारा मुलूख वेढला.

२/ कार्थेजच्या राणी डायडोविषयीही हीच कथा सांगतात. म्हणून तिला लोककथाच मानावे. बोध मात्र खरा आहे. नियमाचे शब्द वेगळे, वर्तन वेगळे. ते वर्तन न पडताळल्यामुळे वारली प्रमुखाचा मुलूख गेला.

३/ संगणकाच्या इतिहासातही हा पेच आहे. जुने सॉफ्टवेअर चालू असते, पण लिहिणारे निवृत्त झालेले आणि कागदपत्रे हरवलेली असतात. अशा वेळी त्याचे नियम कसे ओळखायचे?

४/ १९५६ साली एडवर्ड मूर यांनी यंत्राला बंद पेटी मानले. आत डोकावायचे नाही. इनपुट द्यायचे, आउटपुट टिपायचे आणि त्यावरून आतील अवस्थांचा आराखडा मांडायचा. त्यांनी मर्यादाही सिद्ध केली : अवस्थांची कमाल संख्या ठाऊक नसेल, तर कितीही प्रयोग केले तरी तशीच उत्तरे देणारे दुसरे यंत्र संभवते.

५/ १९८७ साली डेना अँग्लुइन यांनी या शोधाला शिस्तबद्ध रीत दिली. या इनपुटला काय उत्तर येते? माझा आराखडा बरोबर आहे का? चुकल्यास प्रतिउदाहरण मिळते आणि आराखडा सुधारतो.

६/ महाराष्ट्राचा या कामाशी जुना संबंध आहे. १९७४ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने बरोज कंपनीसाठी रुग्णालयाची कोबोल प्रणाली एका संगणकमालिकेवरून दुसरीवर नेली. अशा स्थलांतरात जुन्या आणि नव्या प्रणालीचे वर्तन जुळणे हीच खरी कसोटी असते.

७/ पुढे २००० सालचे संकट आले. दोन अंकी वर्षांमुळे ‘००’ म्हणजे १९०० की २०००, हे कळेना. दुरुस्तीपूर्वीची उत्तरे जपून दुरुस्तीनंतरच्या उत्तरांशी ताडली गेली. घड्याळ पुढे सरकवूनही चाचण्या झाल्या.

८/ २००४ साली मायकेल फेदर्स यांनी ग्रंथातून हे सूत्र रूढ केले : काय व्हायला हवे ते बाजूला ठेवा; आज प्रत्यक्षात काय होते, ते आधी नोंदवा. इतिहासाच्या अभ्यासकाला ही शिस्त परिचित वाटेल. फर्मान एक सांगते, हिशेबाची वही दुसरेच दाखवते.

९/ आज जव्हार-मोखाड्यातील रोजगार हमीची मजुरी संगणकप्रणालीतूनच खात्यात जमा होते. उद्या अशी प्रणाली बदलताना चाचणीत कोणाची उदाहरणे असतील? एकाच नावाचे दोन मजूर? स्थलांतराहून परतलेले कुटुंब? जे उदाहरण तपासायचे राहते, त्याची किंमत त्याच माणसाला मोजावी लागते.