दीर्घसूत्री फेबिअस

इ. स. पूर्वी २१७ सालीं त्रासिमीन सरोवराच्या कांठीं कार्थेजच्या हॅनिबालनें रोमची एक सबंध सेना कापून काढली. तेव्हां रोमनें फेबिअस मॅक्सिमस यास सर्वाधिकारी नेमलें. हॅनिबालशीं उघड्या मैदानांत लढावयाचें नाहीं, असा त्यानें निश्चय केला. डोंगराडोंगरानें मागोमाग राहावें आणि दाणागोटा आणावयास निघालेल्या टोळ्या माराव्या, बस्स! खालीं इटलीचीं शेतें जळत होतीं, वर रोमन शिपाई नुसते पाहत होते. लोक त्यास 'दीर्घसूत्री' म्हणूं लागले. रणांगणावर प्राण पणाला लावणारे पुष्कळ असतात. फेबिअसनें लौकिक पणाला लावला.

हॅनिबाल धूर्त! त्यानें सगळा मुलूख लुटला, पण फेबिअसच्या शेतीवाडीस हात लावूं दिला नाहीं. मग संशय येणारच. फेबिअसनें ती जमीन मुलाकडून विकविली व त्या पैशांतून रोमन कैदी सोडविले.

तरीहि लोकांनीं त्याच्या हाताखालील मिनुसिअस यास त्याच्या बरोबरीचा अधिकार दिला. मिनुसिअस लढाईस उतरला आणि सांपळ्यांत सांपडला. येथें फेबिअसला गंमत पाहत बसतां आलें असतें. परंतु लढाई टाळणारा हा गृहस्थ त्या दिवशीं मात्र सैन्यासह धांवून गेला. मिनुसिअसनें त्यास 'पिता' म्हटलें व आपला अधिकार परत दिला.

फेबिअसची मुदत संपली. २१६ सालीं नव्या अधिकाऱ्यांनीं कॅनीच्या सपाट मैदानावर हॅनिबालला गांठलें. लिव्हीच्या हिशेबानें त्या एका दिवसांत सुमारें ४८,००० रोमन पडले. पुढच्याच वर्षीं फेबिअस पुन्हां कॉन्सल झाला, आणि 'दीर्घसूत्री' हें नांव लोक आदरानें घेऊं लागले.