आधारस्फटिकाची दिशा आणि अतिसंवाहक पटले

पातळ पटलांच्या अभ्यासात ज्यावर पटल बसवावयाचे त्या आधाराकडे पुष्कळ काळ केवळ टेकू म्हणून पाहिले जात असे. तो सपाट, स्वच्छ व उष्णता सोसणारा असला म्हणजे पुरे, अशी समजूत होती. शिसे, निओबियम यांसारख्या अतिसंवाहक धातूंच्या बाबतीत ती फारशी चुकीचीही नव्हती. या धातूंत इलेक्ट्रॉन-जोडीचा विस्तार शेकडो अँगस्ट्रॉम असतो. त्यामुळे वाटेल त्या दिशांनी बसलेल्या स्फटिककणांच्या पटलातूनही अतिसंवाहक प्रवाह कणसीमा सहज ओलांडतो.

एका स्फटिकाच्या पृष्ठावर दुसरा स्फटिक त्याचीच दिशा धरून वाढतो, ही गोष्ट मात्र खनिजशास्त्राला जुनीच होती. फ्रांकेनहाइम याने १८३६ मध्ये कॅल्साइटवर सोडियम नायट्रेटचे असे स्फटिक वाढविले. १९२८ मध्ये रॉयर याने या घटनेस ‘एपिटॅक्सी’ हे नाव दिले व तीसाठी दोन्ही जालकांतील अंतरे जवळजवळ जुळावी लागतात, हा नियम मांडला. अतिसंवाहकतेच्या अभ्यासकांना या नियमाची खरी निकड भासली ती सुमारे साठ वर्षांनंतर.

१९८६ मध्ये बेडनॉर्ट्स व म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांतील अतिसंवाहकता शोधून काढली. पुढच्याच वर्षी इट्रियम, बेरियम व तांबे यांचे ऑक्साइड ९० केल्व्हिनच्या वर, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या तापमानाहूनही वर, अतिसंवाहक असल्याचे दिसून आले. परंतु भट्टीत भाजून केलेल्या त्याच्या वड्यांतून फारच अल्प प्रवाह वाहू शके. हा दोष पदार्थाच्या प्रकृतीतच आहे, की त्यातील कणांच्या रचनेत? पहिले खरे असते, तर नव्या पदार्थाची व्यावहारिक उपयुक्तता तेथेच संपली असती.

या प्रश्नाचे उत्तर आधारस्फटिकाने दिले. १९८७ मध्ये प्रवीण चौधरी व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील आय. बी. एम.च्या प्रयोगशाळेत स्ट्राँशियम टायटनेटच्या एकस्फटिकावर या ऑक्साइडचे पटल वाढविले. ७७ केल्व्हिन तापमानास त्यातून चौरस सेंटिमीटरमागे एक लाखाहून अधिक अँपिअर प्रवाह वाहिला. पदार्थ समर्थ होता. उणीव होती ती कणांच्या मेळाची.

हा मेळ आधारावर कसा अवलंबून असतो, हे अंकांवरून स्पष्ट होते. स्ट्राँशियम टायटनेटच्या घनाकृती जालकाची बाजू ३·९०५ अँगस्ट्रॉम आहे. ऑक्साइडच्या जालकाच्या बाजू सुमारे ३·८२, ३·८९ व ११·६८ अँगस्ट्रॉम. म्हणून आधाराच्या (१००) पृष्ठावर लांब अक्ष उभा राहतो आणि ज्यांतून प्रवाह वाहतो ते तांबे-ऑक्सिजनचे थर पृष्ठास समांतर पसरतात. परंतु लांब बाजूचा तृतीयांशही ३·८९ च भरतो. त्यामुळे वाढीचे तापमान कमी ठेवल्यास तोच अक्ष आडवा पडू शकतो. (११०) पृष्ठ घेतल्यास थर पृष्ठाशी कललेले किंवा उभे राहतात. मॅग्नेशियम ऑक्साइडची बाजू ४·२१ अँगस्ट्रॉम असल्याने तेथे विसंगती मोठी, आणि काही कण ४५ अंशांनी वळून बसण्याचा संभव असतो.

असे वळलेले कण किती हानी करतात, याचे मोजमाप १९८८ मध्ये डिमॉस, चौधरी, मानहार्ट व लेगूस यांनी केले. ठरावीक कोनात जोडलेल्या दोन स्फटिकांचा आधार घेऊन त्यावर पटल वाढविले, की आधारातील सांधा पटलात जसाच्या तसा उतरतो. कोन वाढेल तसा सीमेपलीकडे जाणारा प्रवाह झपाट्याने घटतो आणि मोठ्या कोनांना तो कणांतर्गत प्रवाहाच्या सुमारे पन्नासाव्या हिश्श्यावर येऊन स्थिरावतो, असे त्यांस आढळले. या ऑक्साइडात इलेक्ट्रॉन-जोडीचा विस्तार थरांच्या प्रतलातही अवघा पंधरा अँगस्ट्रॉमच्या आसपास असल्यामुळे सीमेवरील अरुंद विस्कळित पट्टाही तिला अडथळा ठरतो.

पुढे हा दोषच साधन बनला. १९९४ मध्ये त्सुएइ, कर्टली व सहकाऱ्यांनी तीन स्फटिक हेतुपूर्वक निवडलेल्या कोनांत जोडून त्यांच्या संधिस्थानाभोवती या ऑक्साइडचे वलय घडविले. त्यात चुंबकीय प्रवाहाचे अर्धे पुंज आढळले आणि इलेक्ट्रॉन-जोडीच्या तरंगफलाचे चिन्ह दिशेनुसार पालटते, या मतास भक्कम पुरावा लाभला. आधाराचा कोन हा अशा रीतीने मूलभूत प्रश्नाची कसोटी ठरला.

व्यवहारातही तोच कोन निर्णायक ठरला. मैलोगणती तारेसाठी एकस्फटिक मिळणे शक्य नाही. म्हणून ओक रिज येथील प्रयोगशाळेने १९९६ मध्ये निकेलची पट्टी लाटून व तापवून तिच्या असंख्य कणांना एकाच दिशेस आणण्याची रीत पुढे मांडली. जपानमध्ये त्याआधीच आयनांच्या तिरप्या झोतात मधला थर वाढवून तीच दिशा साधण्याचे तंत्र निघाले होते. दोन्ही रीतींत अतिसंवाहक पदार्थ अखेरीस येतो. प्रयत्नांचा मोठा भाग त्याच्या खालच्या थरातील कण काही अंशांच्या आत एकमेकांशी जुळविण्यात खर्ची पडतो.