हेरिंगचा काटा आणि लशीचा कण : न मिसळणाऱ्या प्रवाहांचा इतिहास (धागा)

एमआरएनए लशींचा इतिहास सांगताना आपण बहुधा रेणूपाशीच थांबतो. कारिको आणि वाइसमन यांना २०२३ चे नोबेल मिळाले, ते यथोचितच होते. परंतु तो नाजूक रेणू ज्या मेदकणात गुंडाळला जातो, तो कण घडवायचा कसा, हा प्रश्न निराळा आहे. आणि त्याचे एक मूळ औषधशास्त्रात नसून पाण्याच्या नळीत आहे.

१८८३ साली मँचेस्टरमध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी होता तोवर ती सरळ रेघेसारखी राहिली. वेग वाढताच एका टप्प्यावर विस्कटून सर्वत्र पसरली. (ते उपकरण मँचेस्टर विद्यापीठाने आजही जपले आहे.) हा टप्पा वेगाइतकाच नळीच्या रुंदीवरही अवलंबून असतो. नळी केसाएवढी अरुंद केली, तर धार जवळजवळ कधीच विस्कटत नाही. दोन द्रव शेजारी शेजारी वाहत राहतात, मिसळत मात्र नाहीत.

आता दुसरा धागा. १९६० च्या दशकाच्या आरंभी केंब्रिजजवळच्या बाब्राहम येथे ॲलेक बँगहॅम यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले, की मेदद्रव्ये पाण्यात गेली की आपोआप बंद पिशव्या तयार करतात. १९६४ मध्ये ते निरीक्षण प्रसिद्ध झाले. या पिशव्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, औषध भरण्याची कल्पना फार काळ दूर राहिली नाही. अडचण आकाराची होती. अल्कोहोलमध्ये विरघळलेले मेद पाण्यात मिसळताना ते सावकाश मिसळले, तर कण मोठे आणि विषम होतात. सुमारे १०० नॅनोमीटरचा, एकसारखा कण हवा असेल तर हे मिश्रण काही मिलिसेकंदांत पूर्ण व्हावे लागते.

अरुंद नळीत द्रवावर अचूक ताबा मिळतो, पण रेनॉल्ड्स यांचा नियम तिथे मिसळू देत नाही. ही कोंडी मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत रंजक जागा वाटते.

ती फोडणारी कल्पना १९८४ ची. हसन अरेफ यांनी गणिताने दाखवले, की प्रवाह शांत असला तरी द्रव पुनःपुन्हा ताणून दुमडला तर तो झपाट्याने मिसळतो. आपल्याकडे घडीची पोळी लाटणाऱ्या कुणालाही हे पटेल : लाटा, दुमडा, पुन्हा लाटा, थर पातळ होत जातात. पुढे हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या प्रयोगशाळेत सिलिकॉन रबराच्या सूक्ष्म नलिका साच्यांवर स्वस्तात ओतल्या जाऊ लागल्या. २००२ मध्ये अब्राहम स्ट्रूक आणि सहकाऱ्यांनी अशाच नलिकेच्या तळाशी हेरिंग माशाच्या काट्यासारख्या तिरप्या खाचा कोरल्या. हलणारा एकही भाग नाही. द्रव पुढे सरकतो आणि खाचाच त्याला दुमडत नेतात. लेख औषधांविषयी नव्हताच.

तो व्हँकुव्हरमध्ये उपयोगी पडला. पीटर कलिस हे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मेदद्रव्यांचा दीर्घकाळ अभ्यास करत होते. त्यांच्या गटाने २०१२ च्या सुमारास याच खाचांच्या नलिकेत मेद आणि आरएनए एकत्र आणून लहान, एकसारखे कण घडवले. प्रवाहाचा वेग बदलला की कणाचा आकार बदलतो. शिवाय थोड्याशा आरएनएत, एकाच दुपारी, अनेक पाककृती तपासता येतात. संशोधनाची गती त्यामुळे पालटली.

येथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. 'कोविडची लस चिपवर बनली' असे सर्रास लिहिले जाते. ते तसे नाही. एका चिपमधून मिनिटाला काही मिलिलीटरच द्रव निघतो, आणि जगाला अब्जावधी मात्रा हव्या होत्या. मिशिगनमधील कॅलामझू येथील फायझरच्या कारखान्यात दोन धारा जोराने एकमेकींवर आदळवणारे मिश्रक वापरले गेले. मात्र तेही नाण्याएवढेच होते. मोठे यंत्र बांधण्याऐवजी तसे अनेक मिश्रक समांतर जोडण्यात आले, कारण मिश्रक मोठा केला असता तर मिसळण्याचा वेळ वाढला असता आणि कण बिघडले असते.