गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगातील जनुकीय खुणा आणि टेलोमिअर

गर्भाशयाच्या आतील आवरणाला अंतःस्तर किंवा एंडोमेट्रियम म्हणतात. या आवरणातील पेशींची अनिर्बंध वाढ होऊन जो रोग उद्भवतो, तो अंतःस्तराचा कर्करोग होय. बोलीभाषेत ‘पिशवीचा कॅन्सर’ हा एकच शब्द या रोगासाठी आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीही वापरला जातो. तथापि हे दोन वेगळे रोग आहेत. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या दीर्घकालीन संसर्गामुळे होतो. अंतःस्तराच्या कर्करोगाचा त्या विषाणूशी संबंध नाही. त्यामुळे त्या विषाणूवरील लस या रोगापासून संरक्षण देत नाही आणि पॅप चाचणी निर्दोष आली म्हणून हा रोग नाही असेही म्हणता येत नाही. हा रोग प्रामुख्याने रजोनिवृत्तीनंतर आढळतो.

== जुने वर्गीकरण ==

१९८३ साली रशियन शास्त्रज्ञ बोखमन यांनी या रोगाचे दोन प्रकार सांगितले. पहिला प्रकार इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या अतिरिक्त प्रभावाखाली वाढणारा व तुलनेने सौम्य, तर दुसरा इस्ट्रोजेनवर फारसा अवलंबून नसलेला व अधिक आक्रमक. रजोनिवृत्तीनंतर अंडाशयांतील इस्ट्रोजेनची निर्मिती जवळजवळ थांबते. परंतु शरीरातील मेद-ऊती अन्य संप्रेरकांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करीत राहतात. स्थूलतेमुळे या रोगाचा धोका वाढतो, त्याचे हे एक मुख्य कारण आहे.

== जनुकीय खुणा ==

पहिल्या प्रकारच्या गाठींत पीटेन या जनुकातील उत्परिवर्तन निम्म्याहून अधिक वेळा आढळते. पीटेनचे प्रथिन पेशीच्या वाढीला लगाम घालते; ते निकामी झाले की पेशीला वाढीचे संदेश सतत मिळत राहतात. पीआयके३सीए, एआरआयडी१ए, सीटीएनएनबी१ आणि केआरएएस या जनुकांतील बदलही या प्रकारात नेहमी दिसतात. दुसऱ्या प्रकारात टीपी५३ या जनुकातील बिघाड ही ठळक खूण असते. या जनुकाचे प्रथिन, डीएनएला इजा झालेल्या पेशीचे विभाजन थांबवते.

२०१३ साली ‘कॅन्सर जीनोम अ‍ॅटलस’ या अमेरिकी प्रकल्पाने ३७३ गाठींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला व या रोगाचे चार गट मांडले :

* पीओएलई जनुकात विशिष्ट उत्परिवर्तन असलेला गट. डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त न झाल्याने येथे उत्परिवर्तनांची संख्या प्रचंड असते. तरीही या गटातील रुग्णांचे आयुर्मान सर्वांत चांगले असते.
* डीएनएतील विजोड जोड्या दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेला गट.
* गुणसूत्रांच्या संख्येत व रचनेत थोडेच फेरफार असलेला गट.
* असे फेरफार मोठ्या प्रमाणावर असलेला गट. यात टीपी५३ बहुधा बिघडलेले असते व रोगाची वाटचाल सर्वांत गंभीर असते.

सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या दोन गाठी वेगवेगळ्या गटांत मोडू शकतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात या चार गटांना स्थान देण्यात आले.

== आनुवंशिकता ==

१८९५ साली अमेरिकेतील मिशिगन येथे शिवणकाम करणाऱ्या एका स्त्रीने आल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञाला सांगितले की, तिच्या घराण्यातील अनेकांप्रमाणे तिलाही पोटाच्या, आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने मरण येईल. पुढे गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगानेच तिचा मृत्यू झाला. वॉर्थिन यांनी त्या घराण्याची माहिती १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. हेन्री लिंच यांनी १९६० च्या दशकापासून अशा घराण्यांचा पाठपुरावा केला. त्यांच्यावरून या आनुवंशिक दोषास ‘लिंच लक्षणसमूह’ म्हणतात. त्या मूळ घराण्यातील दोष एमएसएच२ या जनुकात असल्याचे २००० साली निष्पन्न झाले.

एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ व पीएमएस२ ही विजोड जोड्या दुरुस्त करणारी चार प्रमुख जनुके आहेत. अंतःस्तराच्या कर्करोगाच्या सुमारे ३ टक्के रुग्णांत त्यांतील एखाद्या जनुकाचा दोष जन्मजात असतो. मात्र ही यंत्रणा बिघडलेल्या बहुतेक गाठींत दोष आनुवंशिक नसतो. आयुष्यात पुढे केव्हातरी एमएलएच१ हे जनुक मिथिल गटांच्या जोडणीमुळे मुके झालेले असते. हा फरक चाचणीने ठरवावा लागतो, कारण दोष जन्मजात असल्यास रुग्णाच्या भावंडांना व मुलांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचाही धोका संभवतो आणि वेळीच तपासणी केल्यास तो टाळता येतो.

== टेलोमिअर व टेलोमरेज ==

गुणसूत्राच्या टोकांना टेलोमिअर म्हणतात. मानवात ते ‘टीटीएजीजीजी’ या सहा अक्षरी क्रमाच्या हजारो आवृत्त्यांचे बनलेले असतात. प्रत्येक पेशीविभाजनात ते थोडे आखूड होतात. फार आखूड झाल्यावर पेशी विभाजन थांबवते. सामान्य मानवी पेशी ठरावीक वेळाच विभाजित होतात, हे हेफ्लिक व मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवले होते. १९८४ मध्ये कॅरॉल ग्रायडर व एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी टेट्राहायमेना या गोड्या पाण्यातील एकपेशीय जीवात टेलोमिअर पुन्हा लांबवणारे विकर शोधले, तेच टेलोमरेज. या क्षेत्रातील कार्यासाठी ब्लॅकबर्न, ग्रायडर व जॅक शोस्टाक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

शरीरातील बहुतेक पेशींत टेलोमरेज निष्क्रिय असते, तर सुमारे ८५ ते ९० टक्के कर्करोगांत ते सक्रिय असते. त्यामुळे टेलोमरेज ही कर्करोगाची खात्रीशीर खूण ठरेल, अशी अपेक्षा निर्माण झाली. अंतःस्तराच्या बाबतीत ती जशीच्या तशी लागू पडत नाही. हा स्तर दर महिन्याला गळून पडतो व नव्याने वाढतो. या वाढीसाठी निरोगी अंतःस्तरातही टेलोमरेज सक्रिय होते : पाळीनंतरच्या वृद्धीच्या काळात ते वाढते, प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाखालील उत्तरार्धात घटते आणि रजोनिवृत्तीनंतर अत्यल्प होते. टेलोमरेजचा मुख्य घटक तयार करणाऱ्या टर्ट या जनुकाच्या नियंत्रक भागाला इस्ट्रोजेनमुळे चालना मिळते, असे प्रयोगशाळेतील पेशींवर दिसून आले आहे. म्हणून पाळी चालू असलेल्या स्त्रीच्या नमुन्यात टेलोमरेज आढळणे हा रोगाचा पुरावा नव्हे. ही खूण वय व पाळीचा दिवस लक्षात घेऊनच वाचावी लागते.

दुसऱ्या प्रकारच्या कर्करोगात टेलोमिअरची भूमिका निराळी दिसते. टोके असुरक्षित झाली की गुणसूत्रे एकमेकांना चिकटतात व विभाजनाच्या वेळी तुटतात. एरवी पी५३ प्रथिन अशा पेशीला थोपवते. तेच निकामी असेल तर पेशी तशीच विभाजित होत राहते. उंदरांच्या अंतःस्तरातील पी५३ आणि टेलोमिअरचे रक्षण करणारे पॉट१ए ही दोन्ही प्रथिने नाहीशी केल्यावर दुसऱ्या प्रकारासारखा कर्करोग उद्भवल्याचे प्रयोगांत आढळले आहे.

== वैद्यकीय महत्त्व ==

रोगनिदान आजही अंतःस्तराच्या नमुन्याच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीवर आधारलेले आहे. टेलोमरेजची चाचणी त्याची जागा घेत नाही. टेलोमरेजला रोखणारे इमेटेलस्टॅट हे औषध २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, परंतु ते रक्तनिर्मितीच्या एका विकारासाठी आहे. याउलट जनुकीय गटांचा उपयोग उपचारांत प्रत्यक्ष होऊ लागला आहे. दुरुस्ती यंत्रणा बिघडलेल्या प्रगत कर्करोगात पेम्ब्रोलिझुमॅब व डोस्टारलिमॅब ही प्रतिकारशक्तीला चालना देणारी औषधे दिली जातात. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार किंवा रसायनोपचार किती द्यावेत, हे ठरवतानाही गट विचारात घेतला जातो.

या रोगाचे पहिले लक्षण बहुधा लवकर दिसते : पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हा होणारा रक्तस्राव. असा रक्तस्राव दर वेळी कर्करोगामुळे होतो असे नाही. परंतु तो अल्प असला आणि एकदाच झाला असला, तरी तपासणी आवश्यक असते. गर्भाशयापुरताच मर्यादित असताना सापडलेला हा रोग बहुतांश रुग्णांत शस्त्रक्रियेने बरा होतो.